पाय सुजलेत म्हणून वू लिंग सान? आधी तहान विचारा

प्रश्न थोडक्यात असा. आई ६६ वर्षांची, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी सिंगापूरला लेकीकडे आली आहे. आल्यापासून संध्याकाळी दोन्ही पाय घोट्यापाशी सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. शेजारच्या चिनी आजींनी नाव सुचवलं म्हणून लेकीने चिनी औषधांच्या दुकानातून वू लिंग सानच्या गोळ्यांची बाटली आणली. बाटलीवर ८ गोळ्या दिवसातून तीनदा असं लिहिलंय. दुकानदार म्हणाला, वनस्पतीच आहे, काही होत नाही. लेक विचारते: किती द्यायच्या, कशाबरोबर द्यायच्या, तीन महिने सलग दिल्या तर चालतील का, आणि मी आईचं पाणी कमी केलंय ते बरोबर ना? जाता जाता तिने एक ओळ लिहिली आहे: आईला रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आहे, आधी ५ होती, यायच्या महिनाभर आधी १० केली, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेते, "लागेल तशी, म्हणजे जवळजवळ रोज."

ताई, मी मूळची नाशिकची, गेली २२ वर्षं मेलबर्नमध्ये चिनी औषधोपचाराचं काम करते. वू लिंग सान माझ्या कपाटात कायम असतं आणि माझं आवडतं औषध आहे. तरीही तुमच्या आईला ते आज देऊ नका. का नाही ते सांगते, आणि मग ते कुणाला व कसं द्यायचं तेही सांगते. कारण तुमच्या प्रश्नात त्या औषधाबद्दल जो समज आहे तोच माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा असतो: सूज म्हणजे अंगात पाणी जास्त, आणि वू लिंग सान म्हणजे पाणी काढायचं औषध.

मूळ पोथी बघा. हे औषध 'शांग हान लुन' या ग्रंथातलं, म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वीचं. लिहिणारा झांग झोंगजिंग, आजच्या हनान प्रांतातल्या नानयांगचा. प्रस्तावनेत तो सांगतो की इसवी सन १९६ पासून दहा वर्षांच्या आत त्याच्या दोनशेहून जास्त माणसांच्या भावकीतली दोन तृतीयांश माणसं गेली, आणि त्यातली दहातली सात तापाच्या आजाराने. त्या माणसाने तापाच्या रुग्णासमोर बसून लिहिलेलं हे औषध आहे. आणि त्यात वू लिंग सानच्या वर्णनात सुजलेले पाय कुठेच नाहीत. आहे ती तहान.

त्यातलं मुख्य कलम मला फार आवडतं. ताप उतरवायला घाम काढला, घाम फार गेला, पोटात कोरड पडली, माणूस तळमळतोय, झोप नाही, पाणी मागतोय. अशा वेळी काय करायचं? तर थोडं थोडं पाणी द्या, पोट शांत झालं की माणूस बरा. बस. औषध नाही. त्यानंतर पुढचं वाक्य येतं: पण जर नाडी वर वर लागत असेल, लघवी नीट होत नसेल, अंगात बारीक ताप आणि भागत नाही अशी तहान असेल, तर वू लिंग सान. दुसऱ्या एका कलमात रुग्णाला पाणी हवंहवंसं वाटतं आणि घोट आत गेला की लगेच उलटून पडतो. त्याला तो 'उलटं पाणी' असं नाव देतो. दोन्हीकडे एकच गंमत आहे. तोंड कोरडं, लघवी कमी, आणि पाणी मात्र शरीरात कुठेतरी अडून बसलंय.

आपल्याकडे शेताला पाटाचं पाणी असतं त्यांना हे चित्र लगेच कळेल. एका वाफ्यात पाणी तुंबलंय, शेजारच्या वाफ्याला भेगा पडल्यात. तिथे पंप लावून पाणी उपसत नाहीत, कुणीतरी फावडं घेऊन दारं धरायला जातं. वू लिंग सान दारं धरतं. म्हणूनच त्या ग्रंथात औषधाबरोबर जी सूचना आहे ती वाचून नवा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो: हे घेतल्यावर कोमट पाणी भरपूर प्यावं, घाम आला की बरं वाटेल. लघवीच्या औषधावर भरपूर पाणी! आणि तुम्ही आईचं पाणी तोडलंय. सिंगापूरच्या दमट उकाड्यात, ६६ व्या वर्षी. ते आधी पूर्ववत करा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल तरच ते पाळायचं, मनाने नाही.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते.

अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे त्या गोळीचं जगजाहीर लक्षण आहे, आणि ५ वरून १० केली की ते बरंच वाढतं. ही सूज अंगात पाणी साठल्यामुळे येत नाही. गोळीमुळे बारीक धमन्या सैल होतात, शिरा तितक्या होत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांमधला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहून खाली घोट्यापाशी उतरतं. म्हणूनच या सुजेवर लघवीची गोळीसुद्धा फारशी चालत नाही, मग आमची पावडर काय चालणार. उकाड्यात रक्तवाहिन्या आणखी सैल होतात, त्यात विमानात पाच तासांहून जास्त पाय लोंबते. सगळं एकावर एक.

आणि डायक्लोफेनॅक? ती तर या गोष्टीची सुरुवात असेल असा माझा संशय आहे. गुडघेदुखीच्या या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात आणि रक्तदाब वर नेतात. रोज घेतली, दाब वाढला, डॉक्टरांना डायक्लोफेनॅक माहीतच नसेल तर त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट केली, त्याने घोटे सुजले, आता सुजेवर औषध हवंय. अशी साखळी मी आठवड्यातून एकदा तरी बघते. यात चौथी कडी म्हणून वू लिंग सान जोडायचं तर मी माझ्या गुरूंना तोंड दाखवू शकणार नाही.

काय करायचं ते साधं आहे. अ‍ॅम्लोडिपिन स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी एकाच दमात सांगा: घोटे सुजतात, आणि डायक्लोफेनॅक रोज चालू आहे. दोन्ही एकत्र ऐकल्या तरच त्यांना चित्र दिसेल. ते मात्रा कमी करतील, दुसऱ्या जातीची गोळी देतील किंवा टेल्मिसार्टनसारखं काही जोडतील, ज्याने ही सूज उतरायला मदत होते. मात्र टेल्मिसार्टन आलं, त्यावर लघवीची गोळी आली आणि डायक्लोफेनॅक तसंच राहिलं, तर ते त्रिकूट मूत्रपिंडाला झोपवू शकतं. तेव्हा गुडघ्याचं काय करायचं हे त्याच फोनवर विचारून घ्या.

फोन करायच्या आधी एक गोष्ट बघून ठेवा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहतो का, किती वेळ राहतो, दोन्ही पायांना सारखाच का. एकच पाय सुजलेला, पोटरी दुखरी किंवा गरम असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखान्यात जा. विमानप्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. आडवं झाल्यावर दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, छातीत दडपण येतं, दोनतीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, लघवीला साबणासारखा फेस येतो जो पाणी टाकल्याशिवाय जात नाही, पोट फुगत चाललंय, यातलं एकही असेल तरी तेच. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्यामुळे आलेली सूज वू लिंग सानने तात्पुरती उतरू शकते, आणि मला भीती तिचीच आहे. सूज उतरली म्हणून माणूस महिनाभर गाफील राहतो. गरोदर बाईच्या सुजेला तर घरातल्या कुणीही कुठलंच औषध हातात घेऊ नये.

आता औषध. पाच पदार्थ. झे शिए, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या आलिस्मा नावाच्या रोपाचा कंद. फूच्येन आणि सिचुआनचा नावाजलेला. झू लिंग आणि फू लिंग या दोन्ही बुरशा आहेत, जमिनीखाली गड्ड्यासारख्या वाढतात. फू लिंग पाइनच्या मुळांवर वाढते, युन्नानची उत्तम. सोलून पांढरे चौकोनी तुकडे करतात, चव जवळजवळ नाहीच, बीजिंगला त्याची गोड पातळ पोळी मिठाईच्या दुकानात मिळते. झू लिंग मात्र काळी, गाठाळ, आणि तिच्या नावाचा अर्थ तुम्ही विचारू नका. डुकराच्या लेंडीसारखी दिसते म्हणून ते नाव पडलं. चौथं बाय झू, चजियांगकडचं मूळ, पोटाला बळ देणारं. पाचवं ग्वे झी, म्हणजे कॅसिया दालचिनीच्या कोवळ्या काटक्या, ग्वांगशीकडच्या.

प्रमाण ग्रंथात अगदी काट्यावर दिलंय. झे शिए ५ भाग, दोन्ही बुरशा आणि बाय झू प्रत्येकी ३, दालचिनी २. आज चीनच्या सरकारी औषधसंहितेत हेच औषध ३००, १८०, १८०, १८०, १२० असं आहे. भागून बघा, तेच प्रमाण. फरक इतकाच की तिथे काटकीऐवजी साल वापरतात. जपानमध्ये याला गोरेइसान म्हणतात. तिथले लोक पाऊस यायच्या आधी डोकं जड होतं त्यावर आणि दारू उतरताना घेतात. तेही साल वापरतात, आणि बाय झूऐवजी बऱ्याचदा त्याच्याच जातीचं दुसरं मूळ.

चार पदार्थ पाण्याचे आणि एक दालचिनी. विद्यार्थ्यांना वाटतं दालचिनी चवीला आहे. उलट आहे. ती नसेल तर बाकीचे चार नुसतं पाणी ढकलत बसतात. चिनी वैद्यकाच्या भाषेत मूत्राशयातल्या पाण्याची वाफ होऊन ती वर तोंडापर्यंत पोचायला हवी, तरच तहान भागते. दालचिनी ही त्या भांड्याखालची धग. आधुनिक शरीरशास्त्रात हे असंच बसवता येत नाही, आणि मी बसवायला जातही नाही. पण दालचिनी कमी पडलेली किंवा जुनी झालेली पावडर रुग्णाला दिली की फरक कळतो, हे मी माझ्या कपाटातल्या दोन बरण्यांवरून शिकले. बरणी उघडल्याबरोबर आधी दालचिनीचा वास नाकात शिरला पाहिजे. मातीसारखा, कुबट वास आला तर टाकून द्या. आणि म्हणूनच हे 'सान' आहे, चूर्ण. काढा करून तासभर उकळलं तर दालचिनीचा जीव वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. घाईत काढा करायचाच असेल तर काटक्या शेवटच्या पाच मिनिटांत टाकायच्या.

नानजिंगच्या एका रुग्णालयात मी विद्यार्थी म्हणून सहा महिने काढले, तेव्हा हे देताना पहिल्यांदा पाहिलं. पोटाच्या साथीतून उठलेला विशीतला मुलगा, पाणी घेतलं की उलटत होतं, तरी मागत होता. आमच्या बाईंनी, सत्तरीच्या होत्या, कॅन्टीनमधून भाताच्या पातळ पेजेची वरची निवळ मागवली. वाटीत चूर्णाचा चहाचा अर्धा चमचा, त्यावर कोमट निवळ, काडीने ढवळलं. गिळायला दिलं नाही. "ओठ ओले कर" म्हणाल्या. एक चमचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा एक चमचा. वाटी संपायला पाऊण तास लागला. मी घड्याळाकडे बघत होते, बाई मुलाच्या कपाळाकडे बघत होत्या. कपाळ ओलसर झालं तेव्हा त्यांनी त्याच्या आईला सांगितलं, आता पांघरूण घाल आणि कोमट पाणी दे, हवं तेवढं. दोन तासांनी तो स्वतः उठून लघवीला गेला.

ग्रंथात पेजेचंच पाणी सांगितलंय, 'पांढरं पेय' म्हणून. कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला पेज देतात तिथल्या बायकांना याचं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पोट नाजूक झालंय, त्याला टेकू देऊन औषध आत न्यायचं. कोरडं चूर्ण तोंडात टाकून वर गार पाणी, किंवा फ्रिजमधल्या ताकाबरोबर, हे करू नका. चहा-कॉफीबरोबरही नाही. जेवणाआधी अर्धा तास किंवा दोन जेवणांच्या मध्ये.

मात्रेत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ग्रंथातलं माप म्हणजे एक इंच चौरस चमचा, त्यात मावेल तेवढं, दिवसातून तीनदा. आजच्या चिनी औषधसंहितेत साध्या चूर्णासाठी ६ ते ९ ग्रॅम, दिवसातून दोनदा. पण बाजारात मिळतं ते बऱ्याचदा साधं चूर्ण नसतंच. काढा आटवून केलेले दाणे असतात, अर्काच्या गोळ्या असतात. जपानी पुडीचं उदाहरण घ्या: दिवसाला ७.५ ग्रॅम दाणे, त्यात २ ग्रॅम कोरडा अर्क, आणि तो निघतो १४.५ ग्रॅम कच्च्या औषधातून. म्हणजे कुणी नेटवर '९ ग्रॅम' वाचून दाटवलेल्या अर्काचे ९ ग्रॅम घेतले तर कितीपट झालं ते पाहा. तुमच्या बाटलीवर ८ गोळ्या तीनदा लिहिलंय त्या अर्थी त्या आटवलेल्या असाव्यात. त्यावरची मात्रा त्या बाटलीपुरतीच खरी. दुसऱ्या कंपनीची बाटली आणली तर ८ हा आकडा विसरायचा.

आणि किती दिवस? उलटं पाणी, प्रवासातली ओकारी, जुलाबानंतरची तहान यांत एक ते तीन दिवस. पावसाळी डोकेदुखीला आठवडाभर. जिथे खरोखर या औषधाची सूज आहे तिथे पाच ते सात दिवसांत लघवी वाढलेली दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर औषध चुकलंय, मात्रा नाही. वाढवत बसायचं नाही. लघवी मोकळी झाली, तहान भागली की थांबायचं, बाटली संपवायची म्हणून चालू ठेवायचं नाही. तीन महिने सलग हा प्रश्नच येत नाही. चालू असताना ओठ सुकले, उभं राहिल्यावर घेरी आली, पोटऱ्यांत वांब आले, तर त्याच दिवशी बंद.

मोजायचं कसं तेही सांगते, कारण "थोडं बरं वाटतंय" यावर मी विश्वास ठेवत नाही. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन. संध्याकाळी सहाला शिंप्याच्या टेपने घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वरचा घेर, दोन्ही पायांचा. दोन्ही आकडे कॅलेंडरच्या चौकोनात. माझ्या एका पेशंटच्या नवऱ्याने कालनिर्णयच्या दुधाच्या नोंदीशेजारी हे आकडे लिहिले होते, आणि त्यावरून कळलं की सूज दर सोमवारी वाढते. रविवारी त्यांच्याकडे सगळे जेवायला. पापड, लोणचं, मिरगुंडं. औषधाला हात लावायची वेळच आली नाही.

जीभ बघायला शिका, निदान इतकं. वू लिंग सान ज्याला लागू पडतं त्याची जीभ साधारणपणे फिकट, जाडसर, कडेला दातांचे ठसे, वर पांढरा ओलसर थर. तहान आहे पण पाणी प्यायलं की पोटात डुचमळतं, समाधान नाही. लघवी थोडी थोडी. डोकं जड, सकाळी मळमळ. जीभ लाल, कोरडी, थर नसलेली, सालपट निघाल्यासारखी असेल तर हे औषध नाही. तिथे त्याच ग्रंथात जवळजवळ त्याच शब्दांत दुसरं औषध सांगितलंय, झू लिंग तांग. तहान तीच, लघवीची तक्रार तीच, पण त्यात दालचिनी नाही, उलट गाढवाच्या कातड्याचा डिंक आहे, ओल धरून ठेवणारा. आणि लगेच पुढच्या कलमात झांग झोंगजिंग बजावतो: घाम फार जाऊन तहान लागली असेल तर झू लिंग तांगही देऊ नका, आतलं पाणी आधीच सुकलंय, त्यात लघवी कशाला वाढवता. १८०० वर्षांपूर्वीच्या माणसाने सिंगापूरच्या हवेत राहणाऱ्या वयस्कर बाईसाठी लिहून ठेवल्यासारखं वाटतं मला ते.

माझी चूक सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एक इटालियन आजी आल्या. पाय सुजलेले, जीभ अगदी पुस्तकातल्यासारखी. औषधं काय चालू आहेत विचारलं तर "हृदयाची एक गोळी". मी वू लिंग सान दिलं. चौथ्या दिवशी त्यांची सून घेऊन आली, आजी भिंतीला धरून चालत होत्या, ओठ पापुद्र्यासारखे. ती हृदयाची एक गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड होती, पाणी काढणारीच. दोन माणसं दोन बाजूंनी एकच विहीर उपसत होती. त्या दिवसापासून मी औषधांची नावं विचारत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, बाटल्या एका पिशवीत घालून आणायला सांगते आणि टेबलावर ओतते. त्या पिशवीतून जे निघतं ते कुणीही तोंडाने सांगितलेलं नसतं. फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, लिथियम, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मधुमेहाची पायोग्लिटाझोन, यांतलं काही निघालं तर औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी पुढे जात नाही. पायोग्लिटाझोन तर स्वतःच सूज आणतं. स्टिरॉइड आणि नसांच्या दुखण्याची प्रेगॅबालिनसुद्धा.

ज्येष्ठमधाचं आवर्जून सांगते, कारण ते आपल्या घरात असतंच. चिनी औषधांतल्या निम्म्याअधिक मिश्रणांत ज्येष्ठमध असतं. रोज बऱ्याच प्रमाणात घेतलं तर ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम खाली आणतं, दाब वाढवतं. म्हणजे सूज उतरवायला आणलेल्या मिश्रणातच सूज आणणारा पदार्थ. वू लिंग सानमध्ये ते नाही, हा त्याचा एक गुण. पण आई खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची काडी दिवसभर चघळत असेल तर तीही पिशवीत घाला.

सगळ्यात मोठा धोका वू लिंग सानमध्ये नाही, दुकानात त्याच्या शेजारच्या बाटलीत आहे. सुजेची बरीच चिनी मिश्रणं 'फांग जी' किंवा 'मू तोंग' या नावाच्या पदार्थांची असतात, आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या गेल्या आहेत. ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात १९९० च्या सुमारास गोळ्यांमध्ये स्टेफानिया जातीच्या फांग जीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची फांग जी गेली. शंभराहून जास्त लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं खराब झाली, अनेकांची कायमची निकामी, आणि नंतर कित्येकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. चीनने अ‍ॅरिस्टोलोकियावाली मू तोंग २००३ मध्ये आणि तशी फांग जी २००४ मध्ये यादीतून काढली. याचं विष साठत जातं आणि झालेलं नुकसान मागे फिरत नाही. आपल्याकडची ईश्वरी आणि किडामारी याच कुळातल्या, हेही लक्षात असू द्या. 'आपली' वनस्पती म्हणून ती सौम्य होत नाही. दुकानदाराने "हे पायांसाठी जास्त चांगलं" म्हणून दुसरी बाटली पुढे केली, त्यावर फांग जी, मू तोंग असं काही असलं आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं नसलं, तर हात लावू नका. फू झी लिहिलं असेल तरी नको, तो बचनागाच्या जातीचा कंद आहे. आणि एका दिवसात सूज उतरवणारी निनावी पुडी तर मुळीच नको; अशा पुड्यांत न सांगता घातलेली अ‍ॅलोपॅथीची गोळी बऱ्याचदा सापडते.

तुमच्या बाटलीचं काय? झाकण लावून, उन्हापासून दूर ठेवा. रक्तदाबाची गोळी बदलून आणि डायक्लोफेनॅक थांबवून तीन-चार आठवडे जाऊ द्या. सूज बहुतेक त्यातच उतरेल. दुपारी जेवल्यावर अर्धा तास पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर, नुसते स्टुलावर नाही. संध्याकाळी पंधरा मिनिटं चालणं. एवढं करूनही घोट्याचा घेर हलला नाही, डॉक्टरांनी लघवी, क्रिएटिनिन आणि हृदय तपासून काही नाही म्हटलं, आणि आई स्वतःहून म्हणाली की तोंडाला कोरड पडते, प्यायलं की पोटात डुचमळतं, लघवी मात्र होत नाही, तर मला परत लिहा. सोबत जिभेचा फोटो सकाळच्या उजेडात, चहाच्या आधी काढलेला, आणि बाटलीवरच्या बारीक अक्षरांचा.